पाच पोरांची कुपी

गावाचं नाव सांगत नाही. गाव अजून तिथंच आहे, मीही तिथंच राहतो, आणि पाण्याची टाकी गावात असून नळाची शेवटची तोटी आमच्या वाडीत आहे. अशा माणसाने नावं घेऊ नयेत. एवढंच सांगतो की मुरबाडहून धसईला जाताना रस्त्याकडेला एक पिकअप शेड लागते. शेडच्या उजव्या हाताला गाव, डाव्या हाताला ओढा ओलांडला की आमची बौद्धवाडी. मी हरेश, याच वाडीतला, आणि त्याच रस्त्यावर बरीच वर्षं एस.टी.चा कंडक्टर होतो. त्यामुळे गावची आणि वाडीची अशी दोन्हीकडची माणसं एकाच गाडीत कोंबायचं काम सरकारने माझ्यावर सोपवलं होतं.

त्या गाडीतली माझी कायमची प्रवासी म्हणजे सकुबाई. सगळी वाडी तिला सकूकाकी म्हणायची. बोंबील, सुकट, जवळा पाटीत भरून ती धसईच्या बाजाराला जायची आणि हिवाळ्यात म्हसा गावच्या जत्रेत पाल टाकून बसायची. गाडीत तिच्या पाटीच्या वासाने नाकाला पदर लावणाऱ्या बायका बाजारात तिच्याच पाटीपुढे उकिडव्या बसून बोंबील हुंगून बघत. काकी त्यांना ओळखायची, पण गिऱ्हाइकाला ओळख दाखवू नये हा तिचा नियम होता. एकदा एकीने तक्रार केली की जवळ्यात रेती आहे. काकी म्हणाली, "दर्यात काय लादी बसवलीय गो? घ्यायचा तर घे." बाईने घेतला.

अशी तोंडाची. पण एका शब्दाला ती घाबरायची, तो म्हणजे गोवर. तिचा पहिला मुलगा गोवरात गेला होता. ते सत्तरच्या आसपासचं साल असेल. सासूने दाराला लिंबाचा डहाळा बांधला आणि सांगितलं, बाय आलीय, दवापानी करायचं नाय. घरातले सगळे देव कधीच ओढ्यात सोडलेले होते, ही गोवराची बाय मात्र कशी कोण जाणे मागे राहून गेली होती. पोरगा गेला त्या दिवशी काकीने डहाळा उपटून ओढ्यात टाकला आणि त्या बायेलाही घरच्या बाकी देवांची वाट दाखवली. पुढे गणू झाला, मोठा झाला, मुरबाडच्या कंपनीत लागला. त्याचं रत्नप्रभाशी लग्न झालं आणि सत्त्याण्णव साली काकीला नात झाली. भूमिका.

आता गावातली लस कशी मिळायची ते सांगतो, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. महिन्यातल्या एका बुधवारी नर्सबाई धसईकडून सकाळच्या गाडीने यायची. खांद्याला बर्फाचा डबा, त्यात लशी. शेडपाशी उतरायची आणि सरळ गावात जाऊन मारुतीच्या देवळात बसायची. देवळाला सभामंडप होता, फरशी होती, पंखा होता आणि गावातल्या बायका तशाही तिथं यायच्या. सोय झक्कास होती. फक्त आमच्या वाडीतलं कोणी त्या देवळाची पायरी चढत नव्हतं.

का चढत नव्हतं, त्याची प्रत्येक घराची आपापली गोष्ट आहे. काकीच्या घरची अशी : तिचा सासरा गोमा गावकीची कामं करायचा, निरोप पोचवायचा, मेलेली ढोरं ओढायचा. एकदा आषाढातल्या धो धो पावसात तो त्या देवळाच्या पहिल्या पायरीवर, वळचणीखाली टेकला. नुसता टेकला. त्याबद्दल त्याला असा चोप मिळाला की डावा खांदा मरेपर्यंत वर गेला नाही. छप्पन सालानंतर वाडीने धम्म घेतला तेव्हा गोमाने टोपलीभर देव एका हाताने उचलून ओढ्यात सोडले आणि घरादाराला ताकीद दिली की या घरातला पाय त्या पायरीवर पडणार नाही. सकूकाकी नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासऱ्याने तिला आधी हे सांगितलं, मग चूल कुठे आहे ते.

थोडक्यात, आधी आम्हाला चढू देत नव्हते, मग आम्ही चढेनासे झालो, आणि त्यानंतर सरकारने लस तिथं नेऊन ठेवली.

काकीने नर्सबाईला गाठून सांगितलं. एकदा नाही, दर खेपेला. ती बाजाराला निघालेली असायची आणि बाई गाडीतून उतरत असायची. दोघींची भेट शेडमध्येच व्हायची.

"बाई, जरा आमच्याकडं पन बसा की. वड्यापलीकडं तर हाय."

"मावशी, माझी जागा ठरलेली आहे. वरून ठरते. आणि तुमच्याकडे सावली कुठाय? बर्फ वितळतो."

यात बाईची चूक नव्हती. वाडीत समाजमंदिर बांधायला काढलं होतं, त्याच्या भिंती झाल्या होत्या आणि छप्पर मंजूर होतं. मंजूर छपराखाली ऊन जरासुद्धा कमी लागत नाही. काकी म्हणायची, "मंग आमी पाटी धरतो तुमच्या डोक्यावर." बाई हसून निघून जायची. बाई वाईट नव्हती, नोकरीवाली होती.

वाडीतली पोरं लशीला येत नाहीत ही बातमी वर गेली. वर गेल्यावर तिचं रूपांतर असं झालं की सदर वाडीत लशीबाबत अज्ञान आहे. अज्ञान म्हटल्यावर जनजागृती आली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसा एके दिवशी जीपमधून एक साहेब आला. गोरागोमटा, बोलायला गोड, बरोबर गुंडाळलेला मोठा तक्ता आणि तो टांगायला तीन पायांचं लाकडी स्टँड. सभा समाजमंदिराच्या भिंतींमध्ये भरली. साहेबाच्या डोक्यावर छत्री धरायला त्याचा ड्रायव्हर उभा होता. म्हणजे छपराशिवायही काम होतं, फक्त साहेब असावं लागतं.

साहेब म्हणाला, "मावशी, ताई, मोकळेपणाने सांगा. लशीबद्दल तुमच्या मनात काय काय गैरसमज आहेत?"

कोणी बोलेना. बोलणार काय, गैरसमज नव्हतेच. लस चांगली असते हे सगळ्यांना माहीत होतं. गावातल्या पोरांना ती मिळते, म्हणजे ती चांगलीच असणार, इतका सरळ हिशेब होता. पण गैरसमज नसतील तर साहेबाचा तक्ता वाया जाणार. तेव्हा साहेबाने तो उलगडला आणि काठी लावून एकेक वाचायला लागला. लशीने पोर पांगळं होतं, हा पहिला गैरसमज. लशीने पुढे मूलबाळ होत नाही, हा दुसरा. लशीत जनावराचं रक्त असतं, हा तिसरा. असे मोठ्या ठळक अक्षरांत सात गैरसमज, प्रत्येकाखाली चित्र. पहिल्याच्या चित्रात काठ्या धरलेलं वाळकं पोर होतं आणि चित्र काढणाऱ्याच्या हातात कला होती. खाली बारीक अक्षरांत 'हे खरे नाही' असंही लिहिलेलं होतं म्हणतात. वाडीतल्या बऱ्याच बायका वाचणाऱ्या नव्हत्या, चित्र मात्र सगळ्यांना दिसलं.

माझ्या शेजारच्या घरातली कमळू पुढेच बसली होती. भित्री बाई. सुनेला बाळंतपण सोसलं नाही, ती गेली, आणि दीड वर्षाचा नातू बंटी कमळूच्या पदरात राहिला. तिने बंटीचे पाय पदराखाली घेतले आणि तक्त्यावरच्या चित्राकडे बघत राहिली.

शेवटी काकी उठली. "साहेब, माजं ऐका. आमचा काय गैरसमज नाय. तुमची बाई देवळात बसते. तिला तिथनं उठवा नि इकडं बसवा. एवढंच काम हाय. त्याला कागद कशाला टांगायचा?"

साहेब समजूतदार हसला. असं हसायचं शिक्षण देत असावेत. म्हणाला, "मावशी, देव सगळ्यांचा एकच असतो."

"आमचा एकबी नाय," काकी म्हणाली.

साहेबाने हे मनावर घेतलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा तक्त्यावर आठवा गैरसमज होता : लस देवळात घेतल्याने धर्म बुडतो. त्याखाली चित्रात एक बाई होती, डोक्यावर पाटी असलेली. काकीने ते बघितलं आणि म्हणाली, "माजी पाटी बरी काढलीय. बोंबील तेवडे राहिले."

वाडी हसली, पण रत्नप्रभा हसली नाही. तिच्या मांडीवर भूमिका होती आणि भूमिकेला नववा महिना लागायचा होता. गोवराची सुई नवव्या महिन्यात देतात हे तिला माहीत होतं. गणूने सुट्टी टाकून पोरीला एका सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तिथं सांगितलं की तुमच्या गावाला बाई येते ना, मग तिथंच घ्या. तुमच्या वाटणीची लस इथं नाही, तिकडे गेलीय. सरकारी हिशेबाने भूमिकेची लस दर महिन्याला देवळात येऊन तिची वाट बघून परत जात होती.

त्या पौषात म्हशाची जत्रा भरली. बैल, घोंगड्या, तमाशा, आकाशपाळणे, सगळा तालुका तिथं लोटला. काकीने पाल टाकलं होतं. चौथ्या दिवशी तिने पाल अर्ध्यावर गुंडाळलं आणि जत्रेसाठी सोडलेल्या माझ्या जादा गाडीत येऊन बसली. तोंड उतरलेलं. म्हणाली, "हरेश, डोंगराकडच्या वाडीतली एक बाई हळद घ्यायला शेजारच्या पालावर आलती. काखंत पोर. आंगभर पुरळ, डोळं लाल. गोवर हाय रे. जत्रंत घेऊन फिरतेय."

पुढच्या आठवड्यात लशीचा बुधवार होता. डोंगराकडच्या वाडीत तोवर घरोघरी गोवर झाल्याची बातमी आली होती आणि तिथून आमच्या वाडीत मजुरीला रोज माणसं येत होती. मंगळवारी रत्नप्रभाने सासूपुढे पोरीला ठेवलं आणि म्हणाली, "आई, मी उद्या देवळात जाते. तुमी बोलू नका." काकी म्हणाली, "तू नाय जायाचं. तुला माज्या सासऱ्याची आन मोडायला लावून मी घरात बसू काय? मी जाते."

सकाळचं मी स्वतः पाहिलं नाही, पण ते दोन्ही बाजूंनी इतक्यांदा ऐकलंय की तोंडपाठ आहे. काकी नवं लुगडं नेसून, नात कडेवर घेऊन ओढा ओलांडून गावात गेली. पायरीपाशी थांबली. देवळाचा कारभार कुंडलिकदादा बघायचा. तो मंडपात पाट टाकून बसला होता. काकीला बघून तो उठला आणि अगदी तोंडभर म्हणाला, "ये की सकू, ये. आता कुठं राहिलंय तसलं काय?" काकी पायरीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं असं गावातल्या बायका सांगतात, नव्हतं असं काकी सांगायची. मग ती चढली.

आणि नर्सबाई म्हणाली, "मावशी, आज गोवर नाही देता येणार."

कारण ऐका. गोवराची कुपी एकदा पाणी घालून तयार केली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एक कुपी पुष्कळ पोरांची. तेव्हा निदान पाच पोरं असल्याशिवाय फोडायची नाही, अशी बाईला वरून तंबी होती. गावातली जवळजवळ सगळी पोरं आधीच टोचून झालेली. आज गोवराला आलेली भूमिका एकटी.

"म्हंजे आमी येत नव्हतो तवा येत नाय म्हनून बोंब. आता आले तर एकटी आले म्हनून बोंब," काकी म्हणाली.

"वाडीतली आणखी चार आणा मावशी, आत्ता फोडते. मी दुपारच्या गाडीपर्यंत आहे."

काकी पायरी उतरली. ती उतरल्यावर कुंडलिकदादाने पायरीवर पाणी ओतायला सांगितलं. तो म्हणतो, आम्ही पायरी रोजच धुतो. धूत असतील. स्वच्छता आमच्या गावाचा जुना गुण आहे.

वाडीत परत आली तर स्वागताला महादू उभा. महादू आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. धम्माच्या बाबतीत भलता कडक. त्याच्या घरी भाद्रपदात मोदक कुठून येतात हे कोणी विचारायचं नाही. म्हणाला, "काकी, देवळात गेलात. समाजाची मान खाली घातलीत. मंडळात हा विषय घ्यावा लागंल."

"घे. मान वर करून सुई मिळत आसंल तर तूच आन, मी हितं बसते," काकी म्हणाली. महादूने विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

ती घरोघर फिरली. नऊ महिन्यांच्या पुढची न टोचलेली पोरं वाडीत बरीच होती. पण काहींना देवळात जायचं नव्हतं, आणि काकीने ज्यासाठी इतकी वर्षं भांडण केलं तेच त्यांनी तिला ऐकवलं. काहींना महादूची भीती. आणि काहींच्या डोक्यात साहेबाचा तक्ता चांगलाच रुजला होता. साहेब येण्याआधी वाडीला जागा नव्हती, गैरसमज नव्हते. आता जागा नव्हतीच, वर गैरसमज आठ. जनजागृतीचं काम मात्र अगदी मनापासून झालेलं होतं. कोणीही निघालं नाही.

दुपार झाली. काकी भूमिकेला घेऊन शेडमध्ये जाऊन बसली. बाई धसईच्या गाडीला इथंच येणार हे तिला माहीत होतं. बाई येताना दिसली तशी रत्नप्रभाला तिने परत वाडीत पाठवलं, निरोप असा : "बाई देवळातनं निघाली. आता ती यष्टीच्या शेडीत हाय. हितं ना देव, ना महादू. आता तरी या."

या शेडीची गंमत अशी की ती कोणाचीच नव्हती. गावही तिथं थांबायचं, वाडीही थांबायची, डोंगराकडचे ठाकरही मोळी टेकवून तिथंच बसायचे. सावली होती, बसायला ओटा होता. बाई दर महिन्याला तिथं उतरून, त्या सावलीतून उठून सावली शोधायला देवळात जात होती. आजवर हे ना बाईच्या ध्यानात आलं, ना साहेबाच्या, ना माझ्या. मी तर रोज तिथं घंटी मारत होतो.

मी मुरबाडहून गाडी घेऊन पोचलो तेव्हा शेडमध्ये हे दृश्य : ओट्यावर डबा मांडीवर घेऊन नर्सबाई, तिच्यासमोर वाट अडवून काकी, बाजूला रत्नप्रभा आणि वाडीतल्या तीन बायका, पोरांसकट. म्हणजे चार. रस्त्याच्या पलीकडे कमळू, बंटीला पोटाशी धरून उभी. ती नुसतीच बघायला आली होती.

"चार आहेत मावशी. पाच हवीत. मला विचारतात हो वरती," बाई जवळजवळ रडकुंडीला आली होती.

"कमळू, ये गो!" काकी ओरडली. कमळूने नकारार्थी मान हलवली.

ड्रायव्हर कोंडू हॉर्नवर हात ठेवणार तेवढ्यात माझ्या गाडीतून कुंडलिकदादाची सून प्रियांका उतरली. जत्रेसाठी म्हणून माहेरी गेली होती ती आत्ता येत होती. कडेवर दहा महिन्यांचा आदेश. बाईचे डोळे चमकले. "अगं प्रियांका, याचा गोवर राहिलाय ना? ये, बस इथं." प्रियांका बिचारी पिशवी ठेवून ओट्यावर रत्नप्रभाच्या शेजारी बसली. पाच झाली.

पण सुनेला घ्यायला आलेला कुंडलिकदादा रस्त्याच्या कडेला उभा होता. तो म्हणाला, "प्रियांका, उठ. इथं नको. पुढच्या महिन्यात देवळात घेऊ, नीट सगळं."

प्रियांका अर्धवट उठली. बाईने कुपी हातात घेतली होती ती परत डब्याकडे नेली. मी गाडीच्या पायरीवर उभा होतो, घंटी मारायचं राहूनच गेलं होतं. रत्नप्रभाने डोळे मिटून घेतले. कोंडू जातीने कोण, गावचा कुठला, ते सांगत नाही, तो खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि मोठ्याने म्हणाला, "गाडी गरम झालीय. येळ लागंल." थंडीच्या दिवसात गरम झालेली ती आमच्या डेपोतली एकमेव गाडी.

काकी वळली. तिचा बाजारातला आवाज गेला होता.

"कुंडलिकदादा, सकाळी मी तुमच्या पायरीवर आले. माज्या सासऱ्याचा शबुद मोडून आले. माजं एक पोर गोवरानं गेलंय, मला दुसरं घालवायचं नाय म्हनून आले. तुमी पानी वतलंत ते बी कळलं. वता. पन आता तुमी चार पावलं या. तुमचा नातू हाय तो, माज्या नातीसंगं बसला तर काय व्हनार हाय? गोवर डोंगरावरनं उतरलाय. तो पायरी बघत नाय."

प्रियांकाने सासऱ्याकडे बघितलं, मग पोराकडे, आणि म्हणाली, "बाबा, माझ्या माहेरच्या आळीतपण दोन पोरांना आलाय." आणि खाली बसली. कुंडलिकदादा शेडमध्ये आला नाही. पण गेलाही नाही, उन्हात तसाच उभा राहिला.

बाईने कुपी फोडली. पहिली सुई भूमिकेला, दुसरी आदेशला. दोघांनी एकदम भोकाड पसरलं. कुठलं रडणं गावाचं आणि कुठलं वाडीचं हे डोळे मिटून ओळखता येत नव्हतं, नाहीतर कोणीतरी त्याचीही वेगळी सोय लावली असती. काकीने नातीला छातीशी घेतलं आणि ती स्वतःच हुंदके देऊन रडायला लागली. भर रस्त्यात, माझ्या गाडीतले सगळे प्रवासी खिडकीतून बघत असताना. मला तेव्हा इतकं बरं वाटलं की मी एका म्हातारीला तिकिटाचे सुटे पैसे दोनदा दिले.

पाच पोरं झाली आणि कुपीत अजून निम्मी लस होती.

"आणखी कोणी आहे का?" बाईने विचारलं. "नाहीतर ही टाकून द्यायची."

काकी रस्ता ओलांडून कमळूकडे गेली. तिने बंटीच्या डोक्यावरून हात फिरवला. "आन गो त्याला. हाय अजून दवा. फुकट जायाची."

"नको काकी. पाय जातील त्याचं. त्याला आई नाय. पांगळा झाला तर मी किती दिस पुरनार?"

"कोन बोललं पाय जातील?"

"साहेब बोलले. कागद होता की. तुमीबी होतात."

काकीने समजावलं, मग शिव्या दिल्या, मग हात जोडले. काकीला हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. कमळू पोराला घट्ट धरून मागे मागे सरकत गेली आणि ओढ्याच्या वाटेला लागली. कोंडूने बॉनेट लावलं. बाईने कुपी शेडच्या मागे मातीत रिकामी केली, डबा उचलला आणि गाडीत येऊन बसली. मी घंटी दिली.

गोवर आमच्या वाडीत आला तो महिना उलटायच्या आत. भूमिकेला काही झालं नाही. शेडमध्ये टोचलेल्या पाचांपैकी कोणालाच नाही. बंटीला गोवर झाला, त्यातून छातीत कफ भरला. गणूने आणि मी त्याला दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. पोर गेलं. लिंबाचा डहाळा कमळूने बांधला नव्हता. तिने सगळं शहाण्यासारखं केलं होतं, साहेबाने शिकवल्यासारखं. मला त्या साहेबाचा राग येतो. आजही येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही.

बैल गेला आणि झोपा केला, तसा पुढच्या महिन्यात वरून हुकूम आला की आता लसीकरण पिकअप शेडमध्ये होईल. शेडला पाटी लागली. आमच्या वाडीतली पोरं भराभर टोचून झाली, गावातल्या बायकाही कुरकुरत का होईना यायला लागल्या. हे यश जनजागृतीचं ठरलं. साहेबाचा ठाण्याला शाल-नारळ देऊन सत्कार झाला म्हणे. भाषणात त्याने सांगितलं की समाजाच्या मनातले गैरसमज दूर करणं हेच खरं काम. महादूने मंडळातर्फे अभिनंदनाचं पत्र पाठवलं. समाजमंदिराचं छप्पर दोन हजार चार साली झालं, तोवर त्याची एक भिंत पडली होती.

सकूकाकी त्यानंतर बरीच वर्षं बाजार करत राहिली. लशीच्या बुधवारी मात्र ती पाटी घरी ठेवायची आणि शेडमध्ये ओट्यावर बसायची. काकीने बंटीचा विषय कमळूसमोर कधी काढला नाही. इतक्या तोंडाळ बाईने जन्मात एकच गोष्ट गिळली असेल, ती ही.

बंटी गेल्यावर तिसऱ्या की चौथ्या बुधवारी कमळू स्वतःच शेडमध्ये आली. तिच्या घरात आता टोचायला कोणी नव्हतं. काकी ओट्यावर सरकली आणि तिला जागा दिली. तेव्हापासून कमळू दर खेपेला येते. आया घाबरतात, पोरं हातपाय झाडतात, तेव्हा ती पोराला आपल्या मांडीवर घेते आणि दंड घट्ट धरून ठेवते. गावचं असो, वाडीचं असो, डोंगराकडचं असो. सुई लागली की पोर किंचाळतं. आई म्हणते, उगी, उगी. कमळू म्हणते, "नको गो गप करू. रडू दे त्याला. रडू दे."